दोन सेट, सात ऑपरेशने

चौकशीच्या कागदाची शेवटची ओळ अशी होती: 'मानवी चूक आढळून आली. संबंधितांना समज देण्यात आली.' प्रकरण तसे लहान. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजूची एक बाई, पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी. टाके निघाले, जखम सुकली. श्रावण संपत आला, घरात चवथीची साफसफाई सुरू झाली आणि बेंबीजवळच्या त्या अर्ध्या इंचाच्या व्रणातून पाण्यासारखा स्राव यायला लागला. ताप नाही, फारशी वेदना नाही, नुसती ओल. साडीच्या निऱ्यांमागे घडी केलेला रुमाल ठेवायचा आणि दिवसातून दोनदा बदलायचा. नेहमीच्या अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक पडला नाही. शेवटी स्राव तपासायला गेला आणि क्षयाच्या जंतूच्या भावकीतला, पण क्षय न करणारा, पाण्यात आणि मातीत राहणारा जंतू निघाला. दुर्बिणीची ऑपरेशने करणाऱ्या भारतातल्या सर्जनांना हा पाहुणा चांगला ओळखीचा आहे. तो तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा उगवतो आणि जायला महिने घेतो. काही वेळा औषधांनी भागत नाही, तो भाग कापून काढावा लागतो.

चूक कोणती, तेही कागदावर होते. अटेंडंटने दुर्बिणीच्या साहित्याचा सेट सायडेक्स या जंतुनाशक द्रावणात पुरी वीस मिनिटे ठेवला नाही आणि बाहेर काढल्यावर नळाच्या पाण्याने धुतला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण त्याच फाइलीत, चार पाने आधी, त्या दिवसाची ओटी लिस्ट, म्हणजे ऑपरेशन थिएटरची यादी, लावलेली होती. दुर्बिणीची सात ऑपरेशने. आणि साहित्याच्या नोंदवहीत दुर्बिणीचे सेट दोन.

हा हिशेब कुणी केला नव्हता.

करून पाहू. वापरलेला ग्रास्पर (धरायचा लांब चिमटा) किंवा ट्रोकार (पोटात साहित्य घालायची नळी) नीट निर्जंतुक व्हायचा तर आधी तो सुटा करावा लागतो: हँडल वेगळे, आतला दांडा वेगळा, बाहेरची नळी वेगळी, ट्रोकारची झडप आणि रबरी वॉशरही काढून. मग एन्झाइमच्या द्रावणात पाच-दहा मिनिटे. नळीतून योग्य मापाचा ब्रश आरपार, पाण्याखाली बुडवूनच, म्हणजे तुषार तोंडावर उडत नाहीत. पिचकारीने नळी धुवायची, मग ध्वनिलहरींनी धुणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात दहा मिनिटे, पुन्हा धुणे, हवेच्या झोताने नळी कोरडी करणे, भिंगातून जबड्याचे दाते पाहणे, पॅक करणे. त्यानंतर 134 अंशांवर चार मिनिटे वाफ. ही चार मिनिटे ऐकायला छान वाटतात; पण हवा बाहेर काढणे, तापणे आणि शेवटचे वाळवणे धरून मशीनचा फेरा पाऊण-एक तासाचा होतो. बाहेर आल्यावर पॅक थंड व्हायला अर्धा तास. सगळे मिळून तीन तास. एक तास ऑपरेशनचा धरला तर एक सेट चार तासांनी पुन्हा हाताशी येतो. दर सव्वा तासाला नवा रुग्ण टेबलावर घ्यायचा असेल तर सेट चार लागतात, आणि एखादा जमिनीवर पडला तर म्हणून पाचवा. सेट दोन असतील तर सकाळची पहिली दोन ऑपरेशने वाफेतून निघालेल्या साहित्यावर होतात आणि उरलेली पाच सायडेक्सच्या ट्रेमधून काढलेल्या साहित्यावर. हे लिस्ट टाइप होते तेव्हाच ठरलेले असते. ट्रेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फक्त एवढेच उरते की वीस मिनिटे ठेवायचे की बारा, आणि दाराशी सिस्टर उभी असते, आत रुग्णाला भूल दिलेली असते.

त्यातही ती वीस मिनिटे पूर्ण झाली असती तरी काय झाले असते? सायडेक्समध्ये, म्हणजे दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये, वीस मिनिटे ठेवले तर बहुतेक जंतू मरतात, सगळे नव्हेत. बीजाणू, म्हणजे काही जंतूंचे चिवट, कवचबंद रूप, मारायला त्याच द्रावणात दहा तास लागतात. क्षयाच्या भावकीतल्या ज्या जंतूंची गोष्ट चालली आहे, त्यांतल्या काहींनी ग्लुटारल्डिहाइड पचवायला शिकून घेतले आहे. ट्रेमधले द्रावण ॲक्टिव्हेट केल्यापासून चौदा दिवस चालते असे बाटलीवर लिहिलेले असते, पण ते चौदा दिवस कागदावरचे. ओले साहित्य बुडवले की प्रत्येक वेळी थोडे पाणी आत जाते, द्रावण पातळ होते, आणि ते अजून कामाचे आहे की नाही हे फक्त तपासपट्टी सांगते. पट्टी रोज पहिल्या वापराआधी बुडवायची असते. झाकणावर मार्करने लिहिलेली तारीख दिसत असली की पट्टीची आठवण होत नाही. मग ग्रास्परचा जबडा घ्या. कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने, जळलेला ऊतींचा काळा कण बिजागरीत अडकलेला असतो, इन्सुलेशनच्या नळीखाली रक्त शिरलेले असते. द्रावण तिथवर पोचतच नाही. आणि शेवटी नळाचे पाणी. सगळे मेले असे समजू, तरी जो जंतू पाण्यातच राहतो तो धुताना परत साहित्यावर येऊन बसतो. निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या त्या दिवशी दुपारीच संपल्या होत्या. कागदावर हेही होते, पण 'इतर निरीक्षणे' या सदरात.

सायडेक्सच्या वासाबद्दल कागदात काहीच नव्हते. ज्याने तो वास घेतला आहे त्याला सांगायला नको: डोळ्यांत चरचर, घशात खवखव, आणि काही जणांना वर्ष-दोन वर्षांनी सुरू होणारा दमा. छोट्या खोलीत झाकण उघडे ठेवून दिवसाला पाच-सहा वेळा हात घालणारा माणूस ती वाफ सतत ओढत असतो. हवेत तिची मर्यादा दशलक्ष भागांत 0.05 भाग इतकी कमी मानली जाते. लॅटेक्सचे पातळ मोजे ती फार वेळ रोखत नाहीत, नायट्राइलचे लागतात. ट्रेला घट्ट झाकण आणि वाफ बाहेर ओढणारा पंखा हवा. हे नसेल तर माणूस ट्रेपासून लवकर दूर व्हायला बघणारच. रुग्णाच्या जखमेतली ओल आणि अटेंडंटचा खोकला एकाच खोलीतून, एकाच कमतरतेतून आलेले असतात. आपण मात्र पहिल्याची चौकशी करतो आणि दुसऱ्याला रजा देतो.

माझे म्हणणे असे नाही की माणूस चुकत नाही. उभ्या ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनपाशी, थोडा वेळ थांबले की माणूस कुठे कुठे चुकू शकतो हे दिसते. गोव्यातल्या लहान नर्सिंग होममध्ये हे उभे ऑटोक्लेव्ह अजून चालतात. झाकण लावले, बटन दाबले, की आधी वरची तोटी उघडी ठेवून आतली हवा जाऊ द्यायची असते. कुकरमध्ये वाफेची सरळ धार यायला लागल्यावरच शिट्टी बसवतात, तसेच. ही धार सलग यायच्या आधी तोटी बंद केली तर काटा 15 पौंडांवर चढतो, पण आत वाफेबरोबर हवा असते. सगळी हवा गेलेली असेल तर 15 पौंडांना 121 अंश. निम्मी राहिली तर 112. अजिबात काढली नाही तर जेमतेम 100. काटा तिन्ही वेळा तेच दाखवतो. ज्या मशीनला दाबाचा काटा आहे आणि तापमानाचा नाही, ते मशीन इथे गप्प राहते. चूक तोटी लवकर बंद करणाऱ्या हाताची खरी, पण ती चूक दिसू न देणारी रचना कुणीतरी खरेदी केलेली आहे.

ड्रमचेही तसेच. गाऊन, टॉवेल भरून ऑटोक्लेव्हमध्ये घालायच्या स्टीलच्या ड्रमच्या अंगाला भोके आणि त्यावर फिरणारी पट्टी असते. आत जाताना भोके उघडी हवीत, म्हणजे वाफ शिरते. बाहेर काढल्याबरोबर बंद हवीत, म्हणजे खोलीतली हवा शिरत नाही. पट्टी बंद ठेवूनच ड्रम आत गेला तर गाऊन आणि टॉवेल गरम होतात, निर्जंतुक होत नाहीत. आणि ड्रमवर बाहेरून लावलेली टेप? तिच्या रेघा तरीही काळ्या होतात. टेप एवढेच सांगते की ही वस्तू उष्णतेतून जाऊन आली. आतल्या चौथ्या टॉवेलच्या घडीत वाफ पोचली का, हे सांगायला पॅकच्या पोटात ठेवलेली इंडिकेटर पट्टी लागते, आणि त्याहून खात्रीचे हवे असेल तर जिवंत बीजाणूंची कुपी: जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. हा जंतू उष्णतेला इतका चिवट आहे की तो मेला म्हणजे बाकीचे मेलेच असे धरता येते. आठवड्यातून किमान एकदा, आणि सांध्याची वाटी किंवा प्लेट अशी शरीरात राहणारी वस्तू असेल त्या प्रत्येक लोडला. मशीनमध्ये न घातलेली एक कुपी सोबत वाढवायची. त्या कुपीत वाढ दिसली नाही तर परीक्षाच बाद, 'निगेटिव्ह' लिहून चालत नाही. मोठ्या, व्हॅक्युमवाल्या मशीनला सकाळी रिकामे असताना बोवी-डिक चाचणी: 134 अंश, साडेतीन मिनिटे, आणि आतल्या कागदाचा रंग मधोमध फिका राहिला तर हवा उरली आहे, त्या दिवशी मशीन बंद. 'बंद' हा शब्द लिहायला सोपा आहे. सकाळी साडेसातला, लिस्ट लागलेली असताना, तो उच्चारण्याचा अधिकार सीएसएसडीच्या (साहित्य निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या) टेक्निशियनला दिलेला आहे का, हे विचारून पाहावे.

पावसाळा इथे वेगळा भाग मागतो. जून ते सप्टेंबर गोव्यात काहीही पुरते वाळत नाही, आणि ओला पॅक हा उघडा पॅकच समजायचा असतो, कारण ओल्या कापडातून जंतू बाहेरून आत चालत येतात. ऑटोक्लेव्ह ठासून भरला, वाळवण्याचा वेळ कापला, गरम पॅक थंड स्टीलच्या टेबलावर ठेवले की खालच्या बाजूला घाम धरतो. त्यात वीज जाते. फेऱ्याच्या मध्येच वीज गेली तर उरलेली मिनिटे पुढे जोडता येत नाहीत, सगळा फेरा पहिल्यापासून. 'तीन मिनिटे झालीच होती' ही बोली पावसात फार ऐकू येते. आणि रात्री वीजबिलासाठी ओटीचा एसी आणि ब्लोअर दोन्ही बंद केले जातात. सकाळी थंड हवा सुरू झाली की भिंतींवर दव, छताच्या जाळीभोवती काळसर ठिपके. थंड करणे रात्री थांबवले तरी हवा फिरवणारा ब्लोअर थांबवू नये, हा नियम त्यासाठी आहे. ठिपके पुसण्याचे काम मात्र सफाईवाल्या मावशीकडे येते, आणि पुढच्या आठवड्यात ते परत आले की तिलाच विचारले जाते.

मशीन चांगले घेतले की प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पित्तनलिकेपर्यंत जाणारा डुओडेनोस्कोप म्हणजे अत्यंत महागडी, देखणी नळी. त्याच्या टोकाशी तार वरखाली करणारी एक इवलीशी पट्टी असते. 2015 च्या सुमारास अमेरिकेत या स्कोपमधून औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची साथ पसरली, आणि त्यात दिलेल्या सूचना धुणाऱ्यांनी पाळूनही जंतू उरल्याची उदाहरणे निघाली. त्या पट्टीच्या मागे ब्रश पोचेल अशी जागाच ठेवलेली नव्हती. त्याच सुमारास हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्ताचे तापमान सांभाळणाऱ्या मशीनच्या पाण्याच्या टाकीतून मायकोबॅक्टेरियम कायमेरा हा क्षयाच्या भावकीतलाच जंतू हवेत उडत असल्याचे उघड झाले. रोग्यांना त्रास कित्येक महिन्यांनी, काहींना वर्षांनी झाला. तिथे कुणाच्या हाताची चूक शोधणार? उलट बाजूने, ऑपरेशनच्या टेबलावर स्वच्छ हवेचा पडदा सोडणारे लॅमिनर फ्लो. सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेत जखमेचा संसर्ग टाळण्यासाठी ते वापरू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली दिला, कारण एवढ्या खर्चातून फायदा दिसेना. आणि चीर देण्याआधी तासाभरात शिरेतून दिलेले सेफाझोलिन हे अँटिबायोटिक, केस वस्तऱ्याने न काढता क्लिपरने काढणे, स्पिरिटचे औषध त्वचेवर पुरते सुकू देणे, रुग्णाचे अंग गार पडू न देणे, या स्वस्तातल्या गोष्टींवर त्याच संस्थेचा भर आहे. त्या गोष्टींचा फलक ओटीत लागत नाही. लॅमिनर फ्लोचा लागतो.

गोव्यात पणजीची वैद्यकीय शाळा 1842 ची. त्यानंतर पाच वर्षांनी, 1847 मध्ये, व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने दाराशी क्लोरिनच्या चुन्याचे घंगाळ ठेवले आणि शवागारातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हात बुडवल्याशिवाय आत सोडेना. एप्रिलमध्ये बाळंतिणींचे मृत्यू सुमारे 18 टक्के होते, जूनपर्यंत ते 2 टक्क्यांच्या आसपास आले. ही कथा सगळ्यांना माहीत असते. तिचा दुसरा भाग कमी सांगितला जातो. पुढे त्याने न ऐकणाऱ्या डॉक्टरांना उघड पत्रे लिहून खुनी ठरवले, आणि त्या पत्रांमुळे कुणाचेही हात धुतले गेले नाहीत. घंगाळ जिथे पाय पडतो तिथे होते म्हणून चालले. माझ्या मते चौकशी समित्यांनी हाच भाग आधी वाचावा. 'समज देण्यात आली' याने ट्रेजवळचा तो माणूस पुढच्या वेळी बारा मिनिटांची वीस लिहील. ठेवेल बाराच.

रबरी मोज्यांचा उगमही विसरण्यासारखा नाही. 1889-90 च्या सुमारास बाल्टिमोरमध्ये हॉल्स्टेड या सर्जनच्या ओटीतल्या मुख्य नर्सचे, कॅरोलिन हॅम्प्टन यांचे, हात पाऱ्याच्या जंतुनाशकाने सोलवटून निघत होते. तिच्यासाठी त्याने पातळ रबरी मोजे करून घेतले. रुग्णाच्या जखमा त्यामुळे कमी पिकतात हे काही वर्षांनी ध्यानात आले. कर्मचाऱ्याची काळजी आधी, रुग्णाचा फायदा मागून. हा क्रम आज उलटा समजला जातो.

म्हणून सुईकडे येऊ. ओटीत सुई टोचते ती बहुधा शिवताना आणि देताघेताना, आणि त्यानंतर धुण्याच्या सिंकमध्ये. पहिल्यासाठी सुई, ब्लेड हातातून हातात न देता मध्ये ठेवलेल्या किडनी ट्रेमधून उचलायचे. पोटाचा जाड पडदा शिवायला बोथट टोकाची सुई. दोन मोजे, आतला वेगळ्या रंगाचा, म्हणजे भोक पडले की लगेच दिसते. ब्लेड बोटांनी नव्हे, आर्टरी फोर्सेप्स या चिमट्याने काढायचे. दुसऱ्यासाठी ओटीतून ट्रे बाहेर जाण्याआधी सुयांची आणि ब्लेडची मोजणी, आणि त्या सगळ्या पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. शेवटच्या ऑपरेशनच्या वेळी ही मोजणी घाईत होते. मग कापसाच्या बोळ्याखाली राहिलेली वाकडी सुई सिंकमधल्या माणसाच्या हातात शिरते, आणि ती कोणत्या रुग्णाची हे तोवर कुणाला सांगता येत नाही.

संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर, लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. एचआयव्हीची हजारात तीन. लोक घाबरतात ते दुसऱ्याला. टोचल्यावर साबण-पाण्याने धुवायचे, दाबून रक्त काढायचे नाही, ब्लीच लावायचे नाही, आणि सांगायचे. एचआयव्हीवरच्या गोळीचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, 72 तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स 28 दिवसांचा. म्हणजे पहिला डोस कॅज्युअल्टीत, रात्री उघडता येईल अशा कपाटात असायला हवा. फार्मसीच्या स्टोअरमध्ये असेल तर सकाळी नऊ वाजतात. हिपॅटायटिसची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंडे 10 mIU/mL च्या वर आहेत का ते पाहायचे. डॉक्टर, सिस्टर यांचे हे कार्ड हॉस्पिटलच्या फाइलीत मिळते. सिंकजवळ उभा राहणारा माणूस बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा असतो, त्याचे कार्ड कंत्राटदाराकडे, आणि कंत्राट अकरा महिन्यांचे. तिसऱ्या डोसची तारीख येते तेव्हा तो कधी दुसऱ्या हॉस्पिटलच्या सिंकपाशी गेलेला असतो, तिथे त्याचा पहिला डोस पुन्हा पहिल्यापासून लिहिला जातो, नाहीतर लिहिलाच जात नाही. हे कार्ड कंत्राटदाराच्या नव्हे, त्या माणसाच्या खिशात असावे आणि ते पाहिल्याशिवाय त्याला सिंकपाशी उभे करू नये, एवढे एक वाक्य कंत्राटाच्या कागदात घालायला कोणतेही मशीन विकत घ्यावे लागत नाही.